वझलवारांची पिचर-वही

गिरीश वझलवारने आयुष्यात धड बॅट कधी धरली नाही, पण ती कशी धरावी यावर तो पाऊण तास न थांबता बोलू शकतो. हे त्याचं स्वतःचंच म्हणणं आहे. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळींत कुणी त्याची थट्टा करायला तोंड उघडलं, की त्याच्या आधी हाच स्वतःची करून मोकळा होतो. त्यामुळे लोकांची फार पंचाईत होते.

नागपूरला कॉलनीच्या मैदानावर त्याची क्रिकेटची कारकीर्द झाली, ती सगळी बाकावर. बारावा गडी आणि स्कोअरर. आठ वर्षांत तो एकूण अकरा सामने खेळला. त्यात धावा नऊ, आणि त्यातल्या चार ओव्हरथ्रोच्या. पण बाकावर बसून बसून त्याला एक खोड लागली, बॉलर न्याहाळायची. धंतोलीच्या टीममधला एक फिरकीवाला गुगली टाकायच्या आधी हात पँटला पुसतो, हे अख्ख्या कॉलनीत सगळ्यांत आधी गिरीशच्या लक्षात आलं. तो धावत कॅप्टनला सांगायला गेला. कॅप्टन म्हणाला, "वझल्या, तू पाणी आण बे."

ते पाणी त्याने आणलं, आणि ती बोच पंचवीस वर्षं जपून अमेरिकेतही आणली.

मॅसॅच्युसेट्समध्ये तो क्वालिटी इंजिनिअर आहे. हॉस्पिटलच्या पंपांना लागणाऱ्या बारीक व्हॉल्व्हमध्ये काय बिघडलं आणि का बिघडलं, हे शोधायचा त्याला पगार मिळतो. "घरी हेच काम तो फुकट करतो," असं त्याची बायको विनीता सांगते. विनीता पुण्याची, फार्मसिस्ट. तिचं बोलणं औषधाच्या चिठ्ठीसारखं, मोजकं आणि जेवणानंतर.

त्यांची मुलगी अनया आठ वर्षांची असताना सॉफ्टबॉल खेळायला लागली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच. चेंडू थोरला, मैदान धाकटं, आणि पिचर चेंडू फेकते ती हात गरगर फिरवून कमरेखालून. तीन स्ट्राईक, म्हणजे हुकलेले चेंडू, झाले की गडी बाद, आणि चारही बेसना धावत फेरी मारली की एक रन. पहिल्याच सामन्यात अनयाने मारलेला चेंडू मागे जाऊन कुंपणाला लागला, तेव्हा गिरीश उभा राहून "फोर!" म्हणून ओरडला होता. तो फाऊल होता, म्हणजे फुकट गेलेला. आजूबाजूच्या आईबापांनी कौतुकाने पाहिलं. त्यांना वाटलं, या माणसाला चारपर्यंत आकडे येतात.

त्या दिवशी घरी येऊन गिरीशने अभ्यास सुरू केला. मराठी माणसाला एखाद्या खेळात गती नसेल, तर तो त्याचा अभ्यास करतो. मोठमोठे बेसबॉलपटू पिचरला कसं वाचतात, यावरच्या मुलाखती आणि व्हिडिओ त्याने रोज जेवताना पाहिले. त्याला कळलं, की मोठ्या हिटरचं काम बॅट हातात घेतल्यावर सुरू होत नाही. पिचर हात मोकळा करायला लागला, की हा डगआउटमधून, म्हणजे आपल्या टीमच्या बाकावरून, त्याच्यावर डोळे लावून बसतो. चेंडू हातातून नेमका कुठे सुटतो, ती जागा मनात पक्की करतो. आउट होऊन परत आलेल्या गड्याला दुःख करू देत नाही, आधी विचारतो, काय टाकलं, केव्हा टाकलं, शेवटी वळला का. अडचणीत सापडल्यावर हा पिचर कोणत्या फेकीकडे धावतो, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. आणि मग सगळ्या चेंडूंच्या मागे न लागता आपल्याला हवा तो एकच येईपर्यंत वाट पाहतो. पिचरला काही ना काही खोड असतेच. कुणाची जीभ बाहेर येते, कुणाचं कोपर वर जातं.

हे ऐकताना गिरीशच्या डोळ्यांसमोर धंतोलीचा फिरकीवाला उभा राहिला. आपण बरोबर होतो, एवढंच नव्हे, आपण जगातल्या मोठ्या हिटरांसारखा विचार करत होतो, फक्त आपल्याला हिटिंग येत नव्हतं!

तिथून वही सुरू झाली. नागपूरहून आणलेली, लांबट, लाल पाठीची. एका पानाला एक पिचर. रकाने चार: फेक, खोड, केव्हा, उपाय. गावच्या हायस्कूलच्या टीममध्ये अनया आली, तशी वहीही वाढली. प्रत्येक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बापलेक वीस मिनिटं बसायचे. "ही नऊ नंबर. दोन स्ट्राईक झाले की बाहेरचाच टाकते. उपाय: जाऊ दे." अनया पाय खुर्चीवर घेऊन सीरियल खात ऐकायची. "ओके. आणि ती लेफ्टी?" असं एखादं वाक्य बोलायची.

आता सतरा वर्षांच्या मुलीशी बापाला बोलायला विषय किती असतात? शाळा कशी आहे, तर "फाइन". मैत्रिणी कशा आहेत, तर "फाइन". जेवलीस का, तर "लेटर". दिवसभराच्या तीन शब्दांच्या जमाखर्चात पिचर-वहीची ही वीस मिनिटं म्हणजे गिरीशची चैन होती. त्यात ती पूर्ण वाक्यं बोलायची, कधी कधी मराठीतसुद्धा.

यंदा अनयाचं शाळेचं शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला वॉशिंग्टन राज्यात जाणार होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. गिरीशची बहीण तिकडे बेलव्ह्यूला असल्यामुळे विनीता निर्धास्त होती. गिरीशही निर्धास्त असल्याचं सांगायचा. सांगताना तो बहुधा थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायला घ्यायचा. जूनमध्ये राज्य स्पर्धा सुरू झाली. हरला तो संघ घरी, आणि सीझन तिथेच खलास. मंडळी करंडकाची भाषा करत होती. गिरीशला करंडकाचं काही पडलेलं नव्हतं. आपण हरलो तर पुढचा पिचर नाही, पिचर नाही तर वहीचं पान नाही, आणि पान नाही तर टेबलावरची वीस मिनिटं नाहीत, हा त्याचा साधा हिशेब होता. त्याला फक्त अजून एक पान हवं होतं.

पहिलाच सामना पडला हॉलोब्रुक गावाशी. त्यांची पिचर म्हणजे एकवीस नंबर, पाठीवर नाव कॅलाहन. तपकिरी वेणी, तोंडावर पिचर मुली घालतात तो जाळीचा मास्क. तिच्यासमोर भल्याभल्या टीम कोसळल्या होत्या. गिरीशने ऑफिसात दाताच्या डॉक्टरकडे जायचं सांगून अर्धी सुट्टी घेतली आणि हॉलोब्रुकचा सामना पाहायला गेला. कुणी ओळखू नये म्हणून काळा चष्मा आणि दुसऱ्याच गावाची टोपी. जून महिन्यात उघड्या बाकांवर एकटा बसलेला, वहीत भराभर लिहिणारा, काळ्या चष्म्याचा पन्नाशीचा माणूस. शाळेच्या सिक्युरिटीवाल्याने त्याच्या मागे दोन चकरा मारल्या.

पण गिरीश डोळ्यांत तेल घालून बसला होता. चौऱ्याऐंशी फेकी टिपल्या. आणि सत्तराव्या फेकीच्या सुमाराला त्याला ते दिसलं. एकवीस नंबरचा चेंजअप हा मोठा फसवा चेंडू होता. हात तितक्याच जोरात फिरायचा, पण चेंडू निम्म्या वेगाने यायचा आणि बॅट आधीच फिरून गेलेली असायची. तो टाकायच्या आधी चेंडू तळव्यात खोल रुतवायला तिला ग्लोव्हमध्ये बोटं फिरवावी लागत, आणि तेवढ्यात ग्लोव्ह इंचभर फुगायचा. इंचभरच! बाजूला दोन पायऱ्या खाली एक वयस्क भारतीय बाई बसल्या होत्या, सलवार-कमीज, पायात स्नीकर्स, मांडीवर स्टीलचा डबा. एकवीस नंबरने गडी बाद केला, की त्या टाळ्या वाजवायच्या. गिरीशची नि त्यांची नजरानजर झाली, आणि परदेशात दोन अनोळखी भारतीय करतात तेच दोघांनी केलं. अर्धवट हसून लगेच दुसरीकडे पाहिलं. ग्लोव्हमधला इंच ज्याने पकडला, त्याने या बाईंची दखल वहीच्या समासातसुद्धा घेतली नाही.

संध्याकाळी टेबलावर त्याने पान उघडलं. अनयाने चमचा खाली ठेवला, म्हणजे मामला गंभीर होता.

"बाबा, धिस इज अॅक्च्युअली गुड. पण मला बॅटिंग करताना तो ग्लोव्ह दिसणार नाही. ती बॉडीमागे लपवते."

"तुला नाही दिसणार. पण मला पहिल्या बेसच्या बाजूच्या बाकावरून दिसतो. मी सांगीन."

"हाउ? यू कान्ट जस्ट येल 'चेंजअप'!"

इथे गिरीशने ती गोष्ट सुचवली, जी फक्त आपल्याच लोकांना सुचते. "मराठीत ओरडीन," तो म्हणाला. ग्लोव्ह फुगला तर 'अनया, सावकाश!' आणि नाही फुगला तर 'अनया, जोरात!' अमेरिकेत आल्यापासून आपण दुकानात सेल्समनच्या तोंडावर त्याच्या मालाची नालस्ती करतो, लिफ्टमध्ये शेजाऱ्याच्या टकलावर चर्चा करतो, आणि मराठी ही ईश्वराने फक्त आपल्या सोयीसाठी काढलेली सांकेतिक भाषा आहे असं समजून चालतो. गिरीश याला अपवाद असण्याचं कारण नव्हतं.

"इजन्ट दॅट चीटिंग?"

"बेसिकली, मी मुलीला धीर देतोय," गिरीश म्हणाला.

विनीता ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "गिरीश, तू व्हॉल्व्ह बघ." पण ते जेवणाआधी असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

शनिवारी चारला सामना. गिरीश तीनलाच फोल्डिंग खुर्ची, थर्मास आणि वही घेऊन जागेवर. अनया तिसऱ्या नंबरवर खेळायला आली. एकवीस नंबरने हात ग्लोव्हमध्ये घातला. ग्लोव्ह फुगला.

"अनया, सावकाश!" गिरीश कडाडला. शेजारचे आईबाप दचकले.

चेंडू रमतगमत आला. अनया थांबली, थांबली, आणि तिने तो असा हाणला की थेट कुंपणापर्यंत गेला. एक रन आला, अनया दुसऱ्या बेसवर उभी राहिली. गिरीशने धंतोलीच्या फिरकीवाल्याला, कॅप्टनला आणि त्या पाण्याच्या बादलीला मनातल्या मनात एकदाच काय ते उत्तर दिलं. त्याने वहीत बरोबरची खूण केली. एकवीस नंबर कमरेवर हात ठेवून त्याच्या दिशेला पाहत होती, हे त्याला दिसलं, पण ती कुंपण पाहत असेल, असं त्याने ठरवलं.

तिसऱ्या इनिंगमध्ये अनया परत आली. ग्लोव्ह फुगला. "सावकाश!" आणि चेंडू सणकन आला. अनयाची बॅट हललीसुद्धा नाही. स्ट्राईक. पुढच्या वेळी ग्लोव्ह सपाट. "जोरात!" आणि आला चेंजअप. अनया बॅटसकट स्वतःभोवती फिरली. तिसऱ्यांदा परत ग्लोव्ह फुगला, परत "सावकाश", परत सणसणीत, आणि खेळ खलास.

गिरीशच्या तोंडचं पाणी पळालं. क्वालिटीवाल्या माणसाला एखादी गोष्ट चुकली तर दुःख होत नाही, पण ती तीनदा एकाच पद्धतीने चुकली तर होतं. त्याने वहीत लिहिलं, 'ग्लोव्ह: फेरतपासणी.' चष्मा पुसला. प्रकाश बदलला असेल. ग्लोव्ह घामाने सैल झाला असेल. सगळी कारणं त्याने काढली, फक्त आपलं ओरडणं हे कारण काढलं नाही.

पाचव्या इनिंगला अनया आली तेव्हा तिने आणखीनच विचित्र प्रकार केला. गिरीश ओरडायचा आणि ती नुसती बघत राहायची. बॅट खांद्यावर. पिचरकडे बघायची, मग बापाकडे बघायची. दोन स्ट्राईक तिने तसेच जाऊ दिले आणि तिसऱ्यावर कसाबसा एक फुसका झेल उडवला. परत जाताना तिने बाकांकडे एक लांब नजर टाकली. ती नजर गिरीशने ओळखली. पोरीचा आपल्यावरचा विश्वास उडाला होता.

"तू तिला आउट करतोयस," विनीता म्हणाली. "आता गप्प बस."

गिरीशने थर्मास उघडला.

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. हॉलोब्रुक तीन, आपण दोन. दोन गडी बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपल्या मुली, आणि बॅट घेऊन अनया. ती आउट झाली, की सीझन संपला. त्याने वही मिटून मांडीखाली घातली आणि तिच्यावर बसला. नऊ वर्षं आपण पोरीच्या डोक्यात दुसऱ्यांच्या खोडी भरत आलो, आणि आज आपलीच खोड तिला नडली. आता आपण तोंड उघडायचं नाही. तिला तिचं खेळू दे.

पहिला चेंडू: ग्लोव्ह फुगला. गिरीशने दात आवळले. चेंजअपच आला. अनयाची बॅट आधी फिरली. स्ट्राईक. दुसरा: ग्लोव्ह सपाट. गिरीशने ओठ दाबले. फास्टबॉल. अनयाला उशीर झाला. स्ट्राईक दोन.

म्हणजे ग्लोव्ह खरंच सांगत होता! गप्प बसलं की सांगत होता. गिरीशच्या डोक्यात काहीतरी हललं, पण त्याचा अर्थ लागायच्या आत अनयाने हात वर करून अंपायरकडून वेळ मागितली. ती प्लेटपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, दोन पावलं बाजूला आली, बाकांकडे वळली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"बाबा! ओरड ना! मला कळत नाहीये!"

गिरीश उठून उभा राहिला. वही खाली पडली, चहा सांडला. चार वर्षांत या मुलीने चारचौघांत त्याला हाक मारली नव्हती. सामन्यानंतर मैत्रिणींसमोर ती त्याला भुवईने गाडीकडे पाठवायची. आणि आज दोनशे माणसांसमोर तिला तो हवा होता. विनीताने त्याचा शर्ट मागून ओढला, तो त्याने सोडवला.

एकवीस नंबर उभी राहिली. ग्लोव्ह फुगला. चांगला दीड इंच फुगला.

"अनया, सावकाश! सावकाश, बाळा!"

चेंडू गोळीसारखा सुटला, आणि अनया त्याची वाटच बघत होती. बॅटचा असा आवाज आला की गिरीशला तो छातीत ऐकू आला. चेंडू हॉलोब्रुकच्या दोन मुलींच्या मधून कुंपणाला जाऊन भिडला. एक मुलगी आली, मागून दुसरी आली. चार विरुद्ध तीन. आपण जिंकलो!

पुढची पाच मिनिटं गिरीश वझलवार हा जगातला सगळ्यात मोठा हिटर होता. तो विनीताला मिठी मारून झाल्यावर शेजारच्या दोन अनोळखी बापांनाही मिठी मारून आला. "शी नीडेड मी," असं त्याने त्यांना सांगितलं. चेंडू तर सावकाश आलाच नाही, मग पोरीने तो मारला कसा, हा प्रश्न क्वालिटी इंजिनिअरला पडला नाही. निकाल मनासारखा लागला, की तपासणी कोण करतंय?

पार्किंगमध्ये तो गाडीत खुर्ची टाकत होता, तेव्हा मागून आवाज आला. "काका, तुमचा आवाज मस्त आहे."

तो वळला. मास्क काढलेली एकवीस नंबर उभी होती. नाकावर ठिपके, डोळे रडून लाल, तरी हसत होती. शेजारी तिची आई, आणि स्टीलचा डबा घेतलेल्या त्या सलवार-कमीजवाल्या बाई.

"मी सिया. कॅलाहन माझे डॅड. ही माझी मॉम, रेखा. आणि ही आजी."

"नागपूरचे का हो तुम्ही? ओरडण्याचा हेल तिकडचाच वाटला." आजींनी विचारलं. "आम्ही सांगलीचे. त्या दिवशी आमच्या गावात आला होतात ना चष्मा लावून? मी हिला म्हटलं, आपल्याकडचेच दिसतात, पण बोलत का नाहीत?" त्यांनी डबा उघडला. "घ्या, शंकरपाळे."

गिरीशची पाचावर धारण बसली. त्याने एक शंकरपाळा घेतला. तोंडात काहीतरी असलेलं बरं. सियाला आजीने वाढवलं होतं. तिचं मराठी अनयापेक्षा चांगलं होतं. "फर्स्ट इनिंगमध्ये कळलंच नाही मला," ती म्हणाली. "मग म्हटलं, चेंजअपलाच काका सावकाश का ओरडले? म्हणजे ग्लोव्ह दिसतोय! मग मी मुद्दाम ग्लोव्ह फुगवला. शेवटी तुम्ही वही मिटून बसलात, तेव्हा सोडून दिलं होतं. सॉरी हां."

"बेसिकली," गिरीश म्हणाला, "मी मुलीला धीर देत होतो."

विनीता हसू दाबत गाडीत जाऊन बसली. पलीकडे अनया आणि सिया एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, फोन नंबर घेत होत्या. आणि तेव्हा गिरीशच्या डोक्यात मघाचा तो तुकडा जागेवर बसला.

घरी जाताना त्याने आरशात बघून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सेकंड टाइम ओरडलास ना, तेव्हा तिचे डोळे हसले. मास्कमधून दिसतं. मग फिफ्थ इनिंगला मी जस्ट टेस्ट केलं. तू जे म्हणशील त्याच्या उलट येत होतं, एव्हरी टाइम. पण लास्टला तू एकदम गप्पच बसलास! मला काही कळेना."

"म्हणून म्हणालीस, ओरड."

"ते तिला ऐकवायला होतं, बाबा."

म्हणजे आजच्या दिवसात आपला उपयोग झाला तो न चुकता चुकण्यासाठी, एवढं गिरीशला समजलं. त्यावर त्याला स्वतःलाच एक चांगला विनोद सुचला, पण तो काही तोंडातून निघेना. थर्मास मागच्या सीटवर होता. गाडी चालवताना तो उघडता येत नव्हता.

रविवारी सकाळी अनया झोपली होती. पुढचा सामना बुधवारी होता. गिरीश टेबलाशी वही घेऊन बसला. अजून एक पान हवं होतं, ते मिळालं होतं, पण ते उघडायचा त्याला धीर होईना. काय लिहिणार? अखेर त्याने कॅलाहनचं पान उलटलं, पुढची कोरी पानं चाळत तो शेवटच्या पानाशी आला, आणि ते पान कोरं नव्हतं.

वर मधोमध, मंदिरातल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या मोठ्या, तिरप्या अक्षरांत नाव होतं: बाबा. खाली त्याचेच चार रकाने आखलेले. शाईचा रंग दोन-तीनदा बदलला होता. हे काही एका रात्रीत लिहिलेलं नव्हतं.

काळजी वाटली की चष्मा पुसतो. उपाय: कुठे पोचले ते टेक्स्ट करायचं.

खोटं बोलताना आधी 'बेसिकली' म्हणतो. उपाय: चालू द्यायचं.

मी आउट झाले की आधी टाळी वाजवतो, मग खाली बघतो. उपाय: टाळीच बघायची.

चुकत असला की जास्त जोरात ओरडतो. उपाय: उलट करायचं. ही ओळ मधल्या जागेत दाटीने घुसवलेली होती, पुढे कालची तारीख आणि एक हसरा चेहरा.

सगळ्यात खाली, जुन्या निळ्या शाईत शेवटची ओळ होती.

रडू आलं की थर्मास उघडतो. केव्हा: कॉलेजचं लेटर आलं तेव्हापासून रोज. उपाय: जवळ जाऊन बसायचं. काही बोलायचं नाही.

पिचरही आपल्याला न्याहाळत असतो, हे मोठे हिटर कधी विसरत नाहीत, असं गिरीशने वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. समोर सीरियल खात बसलेली मुलगी काय बघतेय, याचा विचार त्याने नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता.

त्याने हात लांब करून थर्मास ओढला. तो रिकामा होता, विनीताने रात्रीच धुऊन ठेवला होता. तरी तो झाकण फिरवून उघडत राहिला, लावत राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. अनया जांभई देत खाली आली. तिने बापाकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. मग समोरची आपली नेहमीची खुर्ची सोडून तिने त्याच्या बाजूची खुर्ची ओढली, पाय वर घेतले आणि काही न बोलता बसून राहिली.